सुकाणू-चक्र : धरण्याच्या व फिरविण्याच्या पद्धतींचा इतिहास

मोटारगाडी, बस, ट्रक, ट्रॅक्टर इ. वाहनांची पुढील चाके डावीउजवीकडे वळविण्यासाठी चालकासमोर जे वर्तुळाकार चाक बसविलेले असते, त्यास सुकाणू-चक्र म्हणतात. सुकाणू हा शब्द मूळचा नौकानयनातील असून तो अरबी ‘सुक्कान’ या शब्दावरून मराठीत आला. व्यवहारात मात्र ‘स्टेअरिंग’ हाच शब्द रूढ आहे. वाहन चालविण्याच्या क्रियेस मराठीत अद्यापही ‘गाडी हाकणे’ असे म्हटले जाते. हा शब्दप्रयोग बैलगाडीच्या काळातला होय. बैलगाडीत कासरा हातात असला, तरी वाट ओळखण्याचे निम्मे काम बैल करीत. मोटारीत ते सर्व काम चालकाच्या दोन हातांवर आले.

हे दोन हात चक्रावर कोठे असावेत व वळण घेताना ते कसे हलवावेत, यासंबंधीचे नियम कायमचे ठरलेले आहेत अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः गेल्या सु. १३० वर्षांत हे नियम अनेकदा बदलले. प्रत्येक बदलामागे दोन कारणे दिसतात : एक, यंत्ररचनेतील फरक आणि दुसरे, त्याच वेळी हातांना करावी लागणारी इतर कामे. यंत्र बदलले तरी शिकविण्याची पद्धत पुष्कळदा जुनीच राहते व तिचे परिणाम चालकाच्या शरीरास व प्रवाशांच्या सुरक्षिततेस भोगावे लागतात. मराठवाड्यातील मोटारवाहतुकीच्या इतिहासात हे स्पष्टपणे पाहावयास मिळते.

प्रारंभ : आरंभीच्या मोटारींना सुकाणू-चक्र नव्हते. जर्मनीत कार्ल बेंट्स यांनी तयार केलेल्या व १८८६ मध्ये एकस्व मिळालेल्या तीन चाकी गाडीत पुढचे एकमेव चाक एका उभ्या दांड्यावरील हाताळणीने वळविले जाई. अनेक गाड्यांत होडीच्या सुकाणूसारखा आडवा दांडा असे. वेग कमी होता तोवर ही रचना पुरेशी ठरली. परंतु वेग वाढल्यावर एखादा दगड चाकाखाली आला, की त्याचा धक्का थेट दांड्यात येई व दांडा हातातून निसटे. १८९४ मध्ये फ्रान्समध्ये झालेल्या पॅरिस-रूआं स्पर्धेत आल्फ्रेद व्हाशरॉं यांनी आपल्या पानार गाडीस वर्तुळाकार चक्र बसविले होते. त्याच दशकाच्या अखेरीस पानार कंपनीच्या आर्थर क्रेब्झ यांनी चक्राचा दांडा चालकाकडे कलता केला. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १८९९ मध्ये चक्राचा अवलंब केला आणि पुढील दशकात दांडा जवळजवळ नाहीसा झाला.

दोन पुढील चाके एकाच वेळी वळविण्याचे तत्त्व त्याआधीचे, घोडागाडीच्या काळातील आहे. वळणावर आतल्या बाजूचे चाक लहान व बाहेरच्या बाजूचे चाक मोठे वर्तुळ कापते. म्हणून दोन्ही चाके सारख्याच कोनातून वळविल्यास त्यांपैकी एक घसरते. हा दोष टाळणारी जोडणी म्यूनिकचे गाडी-कारागीर गेओर्ख लांकेन्श्पेर्गर यांनी शोधून काढली व १८१८ मध्ये रूडोल्फ आकरमान यांनी इंग्लंडमध्ये तिचे एकस्व घेतले. आकरमान यांच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना आजच्या मोटारींतही मूलतः तीच आहे.

यंत्ररचना व हाताचे बल : सुकाणू-चक्र व रस्त्यावरील चाके यांच्यामध्ये दंतचक्रांची एक पेटी असते. चक्र पुष्कळ फिरविले असता रस्त्यावरील चाके थोडी वळतात. या दोहोंच्या प्रमाणास सुकाणू-गुणोत्तर म्हणतात. हे गुणोत्तर जितके मोठे, तितके चक्र हलके. पण तितकेच ते जास्त फिरवावे लागते. उदा., गुणोत्तर १६ : १ असल्यास चक्र अर्धा वेढा, म्हणजे १८० अंश फिरविल्यावर चाके सु. ११ अंशांतून वळतात. गुणोत्तर २४ : १ असल्यास तेवढ्याच फिरविण्याने ती फक्त साडेसात अंश वळतात. अशा जड वाहनाची चाके मध्यापासून ४० अंश वळवावयाची झाल्यास चक्र अडीच वेढ्यांहून अधिक फिरवावे लागते. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाचांहून अधिक वेढे होतात. यंत्राच्या साहाय्याविना चालणाऱ्या बसच्या चालकास वळणावर ‘हात मारावे’ लागत, त्याचे कारण हे आहे.

चक्राच्या समोरासमोरील दोन बिंदूंवर दोन हातांनी विरुद्ध दिशांना लावलेली प्रेरणा बलयुग्म निर्माण करते. तेवढाच परिणाम एका हाताने साधावयाचा असेल, तर त्या हातास दुप्पट जोर लावावा लागतो. जुन्या बस व ट्रक यांची चक्रे मोटारगाडीच्या चक्रांपेक्षा मोठ्या व्यासाची असत व ती जवळजवळ आडवी बसविलेली असत. कारण मोठ्या व्यासामुळे हाताला अधिक तरफ मिळते आणि आडव्या चक्रावर चालकास खांद्याचा व शरीराचा भार टाकता येतो. गाडी उभी असताना चक्र फिरविल्यास टायर जागच्या जागी घासला जाऊन प्रतिरोध सर्वांत जास्त होतो. म्हणून गाडी थोडी सरकत असतानाच चक्र फिरवावे, हा जुन्या चालकांचा पहिला पाठ होता.

वळण संपल्यावर चाके आपोआप सरळ होऊ पाहतात. पुढील चाकांच्या आसास दिलेल्या कलांमुळे हा गुण येतो. याचा फायदा घेऊन चक्र हातातून मोकळे सोडण्याची सवय सर्वत्र आढळते. ती धोक्याची मानली जाते. कारण चक्र परतत असताना एखादे चाक खड्ड्यात गेल्यास ते पकडण्यास हात जागेवर नसतात.

हातांच्या जागा : हातांच्या जागा सांगण्यासाठी चक्र ही घड्याळाची तबकडी आहे अशी कल्पना करतात. डावा हात दहाच्या व उजवा हात दोनच्या जागी ठेवणे, म्हणजे घड्याळात दहा वाजून दहा मिनिटे झाली असता काटे दिसतात तसे, ही पद्धत विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात आदर्श मानली गेली. चक्र मोठे व जड असताना ती सयुक्तिकही होती. वरच्या भागावरील हात खाली ओढताना भुजेचे वजन उपयोगी पडते. दुसरी पद्धत नऊ व तीन या जागांची, म्हणजे पावणेतीनच्या काट्यांप्रमाणे. हिच्यात दोन हात बरोबर समोरासमोर येत असल्याने बलयुग्म पूर्ण मिळते व हात न उचलता चक्र दोन्ही बाजूंस बरेच फिरविता येते. शर्यतीच्या मोटारींत हीच पद्धत रूढ झाली. तिसरी, आठ व चार या जागांची. ती हलक्या चक्राच्या गाड्यांतच शक्य आहे.

खडबडीत रस्त्यावर अंगठ्याची जागाही महत्त्वाची ठरते. चाकास धक्का बसला, की चक्र एकाएकी उलटे फिरते व त्याचा आरा आत अडकविलेल्या अंगठ्यावर आदळतो. यास्तव जीप व ट्रॅक्टर चालविणाऱ्यांनी अंगठा चक्राच्या आत न गुंतविता कडेवर आडवा टेकवावा, असे शिकविण्यात येते. भारतात महिंद्र कंपनीने १९४७ पासून विलिस जीपची जुळणी सुरू केली व पुढे ग्रामीण भागात जीप सर्वत्र पोहोचली. त्यामुळे हा नियम येथील चालकांना अनुभवाने परिचित झाला.

फिरविण्याच्या पद्धती : या मुख्यतः दोन आहेत. पहिली ओढ-ढकल पद्धत : उजवीकडे वळताना उजवा हात चक्राच्या माथ्यापर्यंत नेऊन तेथून खाली ओढतात, त्याच वेळी डावा हात पकड सैल करून कडेवरून खाली सरकतो व मग तो चक्र वर ढकलतो. हात एकमेकांस ओलांडत नाहीत आणि एक हात नेहमी पकडीत राहतो. इंग्लंडमध्ये १९३० नंतरच्या दशकात लंडनच्या पोलीस दलाने हेंडन येथे चालकांसाठी जी शाळा काढली, तिच्या शिकवणीत या पद्धतीला महत्त्व मिळाले. तेथील परंपरेवर आधारलेले रोडक्राफ्ट हे पुस्तक १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले व त्याचा प्रभाव इंग्रजी वहिवाट असलेल्या देशांतील वाहनशिक्षणावर पडला. दुसरी हातावर हात पद्धत : एक हात चक्र माथ्यावरून पलीकडे नेतो व दुसरा हात त्यास ओलांडून पुन्हा माथ्याजवळ पकड घेतो. हिने चक्र जलद फिरते. म्हणून अरुंद जागेत व कमी वेगात ती सोयीची आहे. अमेरिकेत हीच पद्धत अधिक शिकविली गेली.

याखेरीज तळहात चक्रावर दाबून एका हाताने ते गरगर फिरविणे, तसेच तळहात वर करून कडा आतून पकडणे, या रीतीही सर्वत्र आढळतात. पहिलीत पकड नसते व दुसरीत धक्का बसल्यास मनगट मुरगळते. म्हणून शिक्षक त्यांस दोष मानतात. ट्रॅक्टरच्या चक्रावर बसविलेली फिरती मूठ ही मात्र एका हाताने काम करण्याची गरज ओळखून केलेली योजना आहे. कारण शेतात दुसरा हात अवजार उचलण्याच्या तरफेवर ठेवावा लागतो.

मराठवाड्यातील मोटारवाहतूक : सुकाणू-चक्र हे यंत्र युरोपात घडले, परंतु ते हाताळण्याची रीत ज्या त्या प्रदेशाच्या रस्त्यांवर ठरली. लातूर जिल्ह्यातील मुरुड हे गाव याचे उदाहरण म्हणून घेता येईल. रायगड जिल्ह्यातील मुरुडहून हे भिन्न असून लातूरच्या पश्चिमेस बार्शीकडे जाणाऱ्या मार्गावर वसलेले आहे. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातून वेगळा होण्यापूर्वी ते त्या जिल्ह्यात होते व १९४८ पर्यंत हा सर्व प्रदेश हैदराबाद संस्थानात मोडत असे. बार्शी लाइट रेल्वे ही २ फूट ६ इंच रुंदीची लोहमार्ग-वाहतूक १९११ मध्ये लातूरपर्यंत आली व मुरुड हे तिच्यावरील एक स्थानक झाले. (या मार्गाचे २००० नंतरच्या दशकात रुंदमापी मार्गात रूपांतर झाले.) रेल्वेच्या चालकास दिशा सांभाळावी लागत नाही, ती रूळ सांभाळतात. स्थानकापासून आसपासच्या खेड्यांपर्यंतचा माल बैलगाड्यांनी जाई. या दोहोंच्या मधली जागा मोटारीने घेतली.

निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्या व १६६ कर्मचारी घेऊन मार्गवाहतूक सुरू केली. सार्वजनिक मालकीच्या बसवाहतुकीचा हा भारतातील एक आरंभीचा प्रयोग होय. त्या ताफ्यातील स्कॉटलंडमधील अल्बियन कंपनीची एक बस हैदराबादेत जतन करण्यात आली आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला व येथील बससेवा पुढे महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात समाविष्ट झाली. मुंबई राज्याची स्वतःची बससेवा १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर सुरू झालेली होती. तिच्या पहिल्या वर्षांत शेव्हरोलेट, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडिबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर व फियाट अशा अनेक कंपन्यांच्या गाड्या होत्या. प्रत्येक गाडीचे चक्र, त्याचा कल, गुणोत्तर व ढिलाई वेगळी असल्याने चालकास गाडी बदलली की हाताची सवय बदलावी लागे. १९५४ पासून जमशेटपूर येथे टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक तयार होऊ लागले व १९५५ मध्ये मद्रासच्या अशोक मोटर्स कंपनीचे अशोक लेलँड असे नामांतर झाले. त्यानंतर राज्यातील बस व ट्रक प्रामुख्याने या दोन घराण्यांचे राहिले आणि हाताची सवयही त्या मानाने एकसारखी झाली.

दुसऱ्या हाताची कामे : दोन्ही हात चक्रावर ठेवण्याचा उपदेश प्रत्येक शिक्षक करी, परंतु त्या काळातील बसचालकाचे दोन्ही हात चक्रावर असण्याचे क्षण प्रत्यक्षात थोडेच होते. भारतात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात व चक्र उजवीकडे असते. त्यामुळे वेगबदलाचा दांडा डाव्या हाताशी येतो. वेगपेटीत गती जुळवून घेणारी रचना नव्हती, तोवर प्रत्येक बदलाच्या वेळी क्लच दोनदा दाबावा लागे व तेवढा वेळ डावा हात दांड्यावरच राही. उजव्या हातास भोंगा होता. खिडकीबाहेर बसविलेला रबरी फुगा दाबून तो वाजवावा लागे आणि गुरे, बैलगाड्या व पादचारी असलेल्या रस्त्यावर तो सतत वाजवावा लागे.

याहून महत्त्वाचे काम म्हणजे हाताच्या खुणा. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या एका परिशिष्टात या खुणा ठरवून दिलेल्या होत्या. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर तोच कायदा मराठवाड्यातही लागू झाला. उजवीकडे वळताना उजवा हात बाहेर आडवा धरावयाचा, थांबताना तो उभा करावयाचा, वेग कमी करताना तळवा खाली करून वरखाली हलवावयाचा व मागच्या वाहनास पुढे जाऊ देताना पुढेमागे झुलवावयाचा. डावीकडे वळण्याची खूणही उजव्याच हाताने करावयाची असे. याचा अर्थ, जड चक्र उजवीकडे ओढण्याची वेळ येई, त्याच्या लगेच आधी तो ओढणारा हात खिडकीबाहेर असे. म्हणून ‘आधी खूण, मग हात चक्रावर, मग वळण’ हा क्रम पाळणे हे चांगल्या चालकाचे लक्षण मानले जाई. दिवे व विद्युत् दर्शक यांचा प्रसार झाल्यावर या खुणा मागे पडल्या. १९८८ च्या कायद्याने वळण्याची खूण यांत्रिक किंवा विद्युत् साधनाने करण्यास मुभा दिली. तरीही खिडकीवर उजवे कोपर टेकवून डाव्या हाताने गाडी चालविण्याची ढब टिकून राहिली. तिचे मूळ कारण नाहीसे झाले आहे, पण सवय उरली आहे.

काळ्या मातीवरील रस्ते : लातूर व नांदेड या जिल्ह्यांचा बराचसा भाग काळ्या मातीचा आहे. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेल्या रस्त्याची डांबरी पट्टी कालांतराने खचते, लाटांसारखी होते व तिच्या कडेची साइडपट्टी पट्टीहून खाली जाते. एकपदरी रस्त्याची प्रमाणित रुंदी ३·७५ मी. असते. अशा रस्त्यावर समोरासमोर आलेल्या दोन वाहनांपैकी प्रत्येकास आपली डावी चाके साइडपट्टीवर उतरवावी लागतात. चाक उतरते तेव्हा चक्र हातात झटका देऊन डावीकडे ओढ घेते. या वेळी पकड एका हाताची असल्यास गाडी शेताकडे जाते. चाक पुन्हा वर घेताना त्याहून मोठा धोका असतो. टायरची बाजू डांबराच्या कडेस घासत राहते. चालक घाईने चक्र अधिकाधिक उजवीकडे फिरवितो आणि टायर एकदम कडा ओलांडून वर आला, की तेवढ्या वळलेल्या चाकांनिशी गाडी रस्त्याच्या पलीकडे झेपावते किंवा उलटते. यावरील उपाय म्हणजे वेग उतरू देणे, दोन्ही हातांनी चक्र सरळ धरून ठेवणे, कडा कमी उंच असलेल्या जागी थोड्या कोनाने वर घेणे व चाक वर येताच चक्र लगेच मध्यावर आणणे. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, लातूरच्या बाजारपेठेकडे जाणारे धान्याचे ट्रक व प्रवासी जीपगाड्या एकाच अरुंद पट्टीवर येत असल्याने हे कौशल्य येथील चालकास दिवसातून अनेकदा वापरावे लागे. रुंद झालेल्या महामार्गांवर त्याची गरज कमी झाली, तरी खेड्यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर ती कायम आहे.

झिजलेल्या सुकाणू-यंत्रणेमुळे या अडचणीत भर पडते. चक्र थोडे फिरवूनही चाके न हलणे, या दोषास चालक ‘प्ले’ म्हणतात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ही ढिलाई चक्रावर ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये. घड्याळाच्या भाषेत हे अंतर एका तासाचे होय. प्ले जास्त असलेल्या गाडीत चालक सरळ रस्त्यावरही चक्र सारखे डावीउजवीकडे हलवीत राहतो. ही सवय जडलेला चालक चांगल्या गाडीतही तसेच करतो.

शक्तिसाहाय्यित सुकाणू : चक्र फिरविण्यास द्रवीय दाबाची मदत देण्याची रचना अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ च्या सुमारास तयार केली, परंतु ती मोटारगाडीतून विक्रीस आली १९५१ मध्ये, क्रायसलर कंपनीच्या इम्पीरिअल गाडीत. भारतातील जड वाहनांत तिचा प्रसार त्यानंतर फार उशिरा झाला. या प्रकारच्या सुकाणू-पेट्या बनविणारी झेडएफ स्टिअरिंग गिअर (इंडिया) ही कंपनी पुण्याजवळ १९८१ मध्ये स्थापन झाली, तरी तिच्यासारख्या कारखान्यांचे उत्पादन सर्वसाधारण बस व ट्रक यांपर्यंत पोहोचण्यास आणखी बराच काळ जावा लागला. तोवर दिवसाकाठी शेकडो वेळा चक्र ओढणाऱ्या चालकांना खांदा, मान व कंबर यांचे विकार जडणे ही नित्याची बाब होती. या श्रमांकडे दीर्घकाळ व्यवसायाचा स्वाभाविक भाग म्हणून पाहिले गेले. विद्युत् चलित्राने मदत देणारी रचना जपानमध्ये सुझुकी कंपनीने १९८८ मध्ये लहान मोटारीत आणली व पुढे ती भारतातील मोटारींतही रूढ झाली.

या बदलाचे सामाजिक परिणामही झाले. जड चक्रास दणकट बाहू लागतात, या समजुतीमुळे बस चालविणे हे पुरुषांचेच काम मानले जाई. चक्र हलके झाल्यावर ही सबब उरली नाही. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाने २०१९ च्या सुमारास चालक-तथा-वाहक या पदासाठी स्त्रियांची निवड करून त्यांचे प्रशिक्षण सुरू केले. दुसऱ्या बाजूस, हलक्या चक्रामुळे एका बोटाने गाडी वळविण्याची सवयही वाढली. चक्र हलके झाले म्हणून वेगातील गाडीचे जडत्व कमी होत नाही, याचा विसर पडल्याने अतिवेगात चक्र गरजेपेक्षा अधिक फिरविले जाण्याचा नवा धोका निर्माण झाला.

अपघात व हवापिशवी : जुन्या गाड्यांत सुकाणू-दांडा अखंड व ताठ असे, समोरून टक्कर झाल्यास तो चालकाच्या छातीत घुसे. अमेरिकेत १९६७ पासून आघात होताच मिटणारे दांडे वापरात आले. आघाताच्या वेळी फुगणाऱ्या हवापिशवीचे एकस्व जॉन हेट्रिक यांना १९५३ मध्ये मिळाले असले, तरी तिचा व्यापक वापर १९८० नंतर झाला. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारगाड्यांत चालकासाठी हवापिशवी सक्तीची करण्यात आली.

हवापिशवी चक्राच्या मध्यभागी घडी करून बसविलेली असते व ती सेकंदाच्या काही शतांश भागात फुगते. या वेळी हात दहा व दोनच्या जागी असतील, तर ते चेहऱ्याकडे फेकले जाऊ शकतात; एक भुजा चक्रावरून आडवी गेलेली असेल, तर हाड मोडू शकते. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा संस्थेने नऊ व तीन या जागांची शिफारस केली आहे. छाती व चक्र यांच्यात किमान २५ सेंमी. अंतर राखण्याचाही तिचा सल्ला आहे. ओढ-ढकल पद्धतीत भुजा चक्राच्या मध्यावरून जात नसल्याने तिचे महत्त्व यामुळे पुन्हा वाढले. अशा रीतीने एका काळचा आदर्श नियम दुसऱ्या काळात धोक्याचा ठरला. तरीही दहा व दोनच्या जागा अनेक ठिकाणी पूर्वीप्रमाणेच शिकविल्या जातात. कारण शिक्षकाने ज्या गाडीत धडे घेतले, तिच्यात हवापिशवी नव्हती.

शिक्षण व कसोटी : ट्रकवाहतुकीत चालविण्याची कला दीर्घकाळ उस्तादाकडून क्लीनरकडे, शेजारी बसून पाहण्याने गेली. या परंपरेत रस्त्याची ओळख व यंत्राचा कान चांगला तयार होई. पण उस्तादाच्या खोडीही जशाच्या तशा पुढे जात. १९८९ च्या केंद्रीय नियमांनी वाहनशिक्षण संस्थांसाठी अभ्यासक्रम ठरवून दिला व त्यात सुकाणूवरील नियंत्रणाचा समावेश केला. तथापि परवान्याच्या परीक्षेत गाडी ठरावीक रेषांमधून नेता आली की नाही, याकडेच मुख्यत्वे लक्ष दिले जाते. हात कोठे होते हे सहसा नोंदले जात नाही. पुण्याजवळ भोसरी येथील केंद्रीय मार्ग परिवहन संस्थेच्या संगणकीकृत चाचणीमार्गावर बसचालकांची परीक्षा घेण्यात येते. वाहनाने कोठे रेषा ओलांडली हे तेथील संवेदक दाखवितात.

सुकाणू-चक्राकडून चाकांकडे तारांवाटे संदेश पाठविणारी रचना २०१३ मध्ये इन्फिनिटी कंपनीच्या मोटारगाडीत विक्रीस आली. तिच्यात गुणोत्तर वेगानुसार बदलता येत असल्याने एकाच्या हातावर दुसरा हात नेण्याची गरजच कमी होते. महाराष्ट्रात १ जून २०२२ रोजी, पहिल्या एस.टी.च्याच पुणे-अहमदनगर मार्गावर, ‘शिवाई’ ही विजेवर चालणारी बस सुरू झाली. १९४८ च्या चालकापेक्षा आजच्या चालकाच्या हातांची कामे फार थोडी उरली आहेत. भोंगा चक्रातच आला, खुणा दिव्यांकडे गेल्या, जोर यंत्राने घेतला आणि विजेच्या गाडीत वेगबदलाचा दांडाही गेला. दोन्ही हात चक्रावर ठेवणे पूर्वी कष्टाचे व पुष्कळदा अशक्य होते. ते आता प्रथमच सर्व चालकांना शक्य झाले आहे. मोकळा झालेला हात चक्रावर परत येतो की भ्रमणध्वनीकडे जातो, यावर या सुधारणेचे फलित अवलंबून आहे.